कॅमेऱ्यासमोर धरलेली पाटी

संगणकातलं मला सगळं कळतं असं मला वाटायचं. नुसतं वाटायचं नाही, मी चारचौघांत ते बोलून दाखवायची. नांदेडच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये मी पंचवीस वर्षं काढली. मुलांच्या चुका काढायच्या, बंद पडलेली यंत्रं सुरू करायची, अगदीच हट्टाला पेटलेलं यंत्र उघडून साफ करायचं, हेच माझं काम. त्यामुळे एखादं यंत्र माझ्यासमोर अडून बसलं की मला तो माझा अपमान वाटायचा. निवृत्त झाल्यावर तो राग जरा उतरलाय. त्या रागापायी एकदा काय झालं ते लिहून ठेवायचं आहे, आणि लिहिताना स्वतःची बाजू घ्यायची नाही असं ठरवलं आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आई लातूरला एकटी राहायची. खालचा मजला तिचा, वर घरमालक. जन्मभर मिश्री लावली आणि शेवटी घशाचा कॅन्सर झाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. गळ्याला बोट जाईल एवढं भोक, त्यावर पांढऱ्या जाळीचा तुकडा, श्वास तिथूनच. जिची हाक गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जायची, तिच्या तोंडून साधा हुंकार निघेना. नांदेडला माझ्याकडे चल म्हणून मी डोकं फोडून घेतलं. पण लेकीच्या घरी पाहुणी म्हणून चार दिवस यायचं, कायमचं राहायचं नाही, हे तिच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की ती दोन्ही हात जोडायची आणि तोंड फिरवायची. म्हणून मीच दर शनिवारी लोहा, अहमदपूर, चाकूर करत बसनं लातूरला जायची. बाकीचे दिवस शेजारच्या काकू तिच्याकडे बघायच्या.

आईचं माहेर भालकीचं, उदगीरच्या पलीकडचं. तिसरीपर्यंत शाळा झाली ती कानडीत. लग्न होऊन लातूरला आल्यावर ती फाडफाड मराठी बोलायला शिकली, पण मराठी अक्षरांच्या वाटेला गेली नाही. सहीसुद्धा कानडी. मला कानडीचं एक अक्षर येत नाही. माझ्या भावाला येतं. तो माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा त्याला चौथीपर्यंत आजोळी ठेवलं होतं, तिथल्या शाळेत तो कानडी शिकला. मी घरी राहिले. बाबांचं केलं, आईनं शिवलेल्या ब्लाउजांना हुक लावले, आणि जमेल तसा अभ्यास केला.

आवाज गेल्यावर आईनं लाकडी चौकटीची पाटी मागवली. तिच्यावर ती कानडीत लिहायची. आमच्या घरात ते वाचू शकणारा माणूस एकच होता आणि तो सातासमुद्रापलीकडे नोकरीला होता. फोन तिच्या कामाचा नव्हता. फोनवर तो बोलायचा आणि ती रिसीव्हरवर नखानं वाजवायची, एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. म्हणून त्यानं येताना एक लॅपटॉप आणला, एक दिवस राहून सुरू करून दिला, वरच्या घरमालकांच्या वायफायला जोडला आणि गेला. दर रविवारी दुपारी चार वाजता आई पाटी भरून कॅमेऱ्यासमोर धरायची. तो वाचून उत्तर द्यायचा. मग ती पाटी पुसायची आणि पुन्हा लिहायची. तासभर चालायचं.

मी शेजारी बसलेली असायची, भिंतीसारखी. तिची जाळी बदलणारी मी, मिक्सरमधून काढलेलं पातळ जेवण भरवणारी मी, आणि मनातलं सगळं लिहायचं त्याला. एकदा मी विचारलं, "काय लिहिलंय रे एवढं?" तर तो हसून म्हणाला, "काही नाही आक्का, तुझ्याबद्दलच." त्यानं गमतीनं म्हटलं असेल. पण मी त्या दिवसापासून धरूनच चालले की पाटीवर माझ्या तक्रारी असतात. मी कशी ओरडते, कशी घाई करते. खोट्या नव्हत्या त्या, म्हणून जास्त झोंबायच्या.

त्या वर्षी भादव्यात दुखणं उलटलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता काही करण्यासारखं नाही, महिने मोजू नका. आईला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं होतं. भावाला रजा दिवाळीनंतरची मिळाली होती. तोवर ती राहील का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आईनं नेहमीप्रमाणे घरातली हत्यारं पुजली. शिलाई मशीन, विळी, कात्री, अडकित्ता. आमच्यात कुंकवाच्या आधी विभूती. प्रत्येक वस्तू ओल्या फडक्यानं पुसून तिच्यावर तीन बोटांनी विभूतीचे तीन पट्टे. त्या वर्षी रांगेत लॅपटॉपही होता. तिच्या दृष्टीनं तेही हत्यारच होतं, आणि त्या दिवसांत तिला सर्वांत जास्त गरज त्याचीच होती. मी तेव्हा तिथे नव्हते. मी शनिवारी पोहोचले तेव्हा झाकणावर वाळलेले पांढरे पट्टे, त्यावर आपट्याचं पान, आणि ओघळून पुढच्या कडेला घट्ट बसलेली राख, असं ते यंत्र पाटावर बसलं होतं.

रविवारी सकाळपासून आईनं पाटी लिहायला घेतली. इतर वेळी ती चारच्या ठोक्याला लिहायची. त्या दिवशी लिहायची, थांबायची, बोटानं एखादा शब्द पुसायची, पुन्हा लिहायची. एक बाजू अगदी कडेपर्यंत भरली. अक्षरं नेहमीपेक्षा बारीक होती. लिहून झाल्यावर तिनं पाटी उशीशी उभी करून ठेवली आणि डोळे मिटले. धाप लागली होती.

साडेतीनला मी लॅपटॉप उघडला. एकही नेटवर्क आढळलं नाही, असं पडद्यावर आलं. घरमालक दसऱ्याला गावी गेले होते, पण राउटर चालू ठेवून गेले होते. जिन्याच्या खिडकीतून त्याचे हिरवे दिवे दिसत होते. शिवाय एरवी गल्लीतली आणखी तीन-चार नेटवर्कं दिसायची, त्यातलंही एक दिसेना. म्हणजे दोष यंत्रात होता. मी बंद करून सुरू केलं. सेटिंग्ज तपासल्या. ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला. काही नाही.

आई खाटेवर उठून बसली होती. तिनं हात लांब करून लॅपटॉपच्या पुढच्या कडेला, त्या राखेवर, बोट ठेवलं आणि ते आडवं हलवलं. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"नाही पुसत तुझी विभूती," मी म्हटलं. "पण पाणी आत गेलं असणार. कुणी सांगितलं होतं ओल्या फडक्यानं पुसायला? हे काय विळी आहे?"

तिनं मान जोरात हलवली. पुन्हा तेच बोट, पुन्हा तेच आडवं. मी तिचा हात धरून बाजूला ठेवला. हळूच ठेवला, पण ठेवला.

चारला भावाचा फोन आला. मी सांगितलं, यंत्र बिघडलंय. तो म्हणाला, "दुकानात दाखव ना आक्का. तिथं लॅपटॉपवाले असतील की."

"दुकानवाल्याला काय कळतंय? फॉरमॅट मारण्यापलीकडे त्यांना काही येत नाही. मी बघते."

"आईकडे दे."

मी फोन तिच्या कानाला लावला. तो काय बोलला ते मलाही ऐकू येत होतं. त्यानं विचारलं, "आई, काही महत्त्वाचं सांगायचं होतं का?" आईनं एकदा वाजवलं. इतकं जोरात वाजवलं की नख दुखलं असेल. तो म्हणाला, "आक्का नीट करेल. आपण उद्या बोलू. चालेल?" बराच वेळ गेला आणि तिनं पुन्हा एकदाच वाजवलं.

मग मी, दुकानवाल्यांना नावं ठेवणारी, स्वतः फॉरमॅट मारायला बसले. आधी यंत्राच्या पाठीवरचा मॉडेल नंबर हवा होता, त्यावरून ड्रायव्हर शोधायचा होता. अक्षरं बारीक, यंत्र उलटं धरलेलं, जवळ कागद नाही, पेन नाही. उशीशी पाटी होती, खडू होता. मी पाटी उचलली, पदरानं एका फटक्यात पुसली आणि नंबर लिहून काढला.

आईनं खाटेच्या लाकडी कडेवर थाडकन हात मारला. मी दचकले. "काय झालं? पुन्हा लिही की तेच. आज कुठं बोलणं होणार आहे?" असं मी म्हणाले. हे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. मग तिनं माझ्या हातातून पाटी ओढून घेतली, उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर भराभरा दोन-तीन ओळी लिहून माझ्या नाकासमोर धरली.

"मला वाचता येतं का ते?" मी ओरडले. "जन्मभर मला नाही शिकवलंस. ज्याला शिकवलंस त्याला दाखव."

मी पाटी घेतली आणि कपाटावर ठेवून दिली, तिचा हात पोहोचणार नाही अशी. शिक्षा म्हणून नव्हे. नंबर पुसला जाऊ नये म्हणून. निदान तेव्हा मी स्वतःला असंच सांगितलं. आमच्या घरापासून तिसऱ्या दारात बिदरकडच्या एका माणसाचं कापडाचं दुकान होतं. त्याच्या हिशेबाच्या वह्या कानडीत असत. पाटी घेऊन पन्नास पावलं चालले असते तर त्यानं उभ्या उभ्या वाचून दाखवलं असतं. मला ते सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण माझ्या तक्रारी परक्या माणसाच्या तोंडून ऐकायच्या, हे मला नको होतं.

फॉरमॅट झालं. तरी नेटवर्क दिसेना. सोमवारी सकाळी मी लॅपटॉप पिशवीत घालून नांदेडला निघाले. लॅबमध्ये माझी हत्यारं होती, मी उघडून बघणार होते. निघताना आईनं कपाटाकडे बोट केलं. बसची वेळ झाली होती. "काकू देतील काढून," मी म्हटलं आणि काकूंना सांगायचं विसरले.

सोमवार लॅबच्या परीक्षेत गेला. मंगळवारी लॅपटॉप उघडला, आतलं वायरलेसचं कार्ड काढलं, पुसलं, बसवलं, दोन्ही वायरी तपासल्या. काही नाही. पाणी आत गेल्याची खूणसुद्धा नव्हती. माझ्या लॅबमधली सगळी यंत्रं वायरीनं जोडलेली, वायफायचा लॅपटॉप मी हाताळलेला तोच पहिला. हे मी कुणाला सांगितलं नाही. बुधवारी दुपारी पुन्हा समोर घेऊन बसले. काही सुचेना म्हणून वैतागून पुढच्या कडेची ती वाळलेली राख नखानं खरवडायला लागले. राखेची खपली निघाली, आणि नखाखाली काहीतरी बारीक टक्क करून सरकलं. शेजारी निळा दिवा लागला. पडद्यावर एकाखाली एक नेटवर्कांची नावं आली.

ते वायरलेस बंद-चालू करायचं बटण होतं. डाळीच्या दाण्याएवढं, कडेला खाचेत बसवलेलं. पुसताना सरकलं होतं आणि वर विभूती वाळली होती.

मी एकटीच मोठ्यानं हसले. खरं सांगते, आनंद झाला. लातूरला सांगावं म्हणून पर्स उघडून मोबाइल काढला, तर काकूंचे अकरा फोन येऊन गेलेले. परीक्षा अजून चालूच होत्या, म्हणून आवाज बंद ठेवला होता.

"बाई, कवापास्नं फोन लावून राहिले मी," काकू म्हणाल्या. "आईला लई धाप लागली हो. सकाळीच दवाखान्यात आणलंय. तुमी या लौकर."

अहमदपूरपर्यंत मला बसायला जागा नव्हती. लॅपटॉप छातीशी धरून उभी होते. लातूरला पोहोचले तेव्हा दिवस मावळत होता. आई शुद्धीवर होती, पण गळ्याच्या भोकाला नळी, हाताला सुई, तो हात पट्टीला बांधलेला. दवाखान्यात नेटवर्क असून नसल्यासारखं, पासवर्ड कुणी सांगेना. मी बाहेरून भावाला फोन लावला. तो विमानाचं तिकीट बघत होता. मग मी आत येऊन तिच्या कानाशी म्हटलं, "झालं गं आई, यंत्र चालू झालं. उद्या मी कसंही करून जोडते. एक बटण होतं समोर, तेच सरकलं होतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मोकळ्या हाताचं एक बोट चादरीवर आडवं हलवलं. इकडून तिकडे, तिकडून इकडे. रविवारी हलवलं होतं तसंच.

मला कळलं. मी तिचं ते बोट मुठीत धरलं. काकू मागे उभ्या होत्या.

"त्या तीन दिस काय तरी मागून राहिल्या हुत्या," काकू म्हणाल्या. "कपाटाकडं हात करायच्या. म्या सगळी लुगडी काढून दाखवली. न्हाई म्हनायच्या."

गुरुवारी दुपारी आई गेली. आमच्यात माती देतात. तिला बसवलं, कपाळावर, दंडावर, छातीवर विभूतीचे पट्टे ओढले. मला ते बघवेना. लोकांना वाटलं, लेक आहे, साहजिक आहे. भाऊ पोहोचू शकला नाही. त्याचं विमान दुसऱ्या दिवशीचं होतं, आणि मातीला थांबायचं नाही असं नात्यातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं. आता येऊन काय करू, असं म्हणून त्यानं तिकीट पुढं ढकललं.

तिसऱ्या दिवशी तो फोनवर म्हणाला, "आक्का, मला घर बघायचंय. तिची खाट बघायचीय."

चार वाजता मी लॅपटॉप उघडला. नेटवर्क लगेच सापडलं. तो पडद्यावर आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. मी लॅपटॉप फिरवून त्याला खाट दाखवली, शिलाई मशीन दाखवलं. मग तो म्हणाला, "पाटी कुठंय?"

मी स्टूल घेतलं आणि कपाटावरून पाटी काढली. कुणाचा हात लागला नव्हता, म्हणून खडू जसाच्या तसा होता. तिनं शेवटी लिहिलेली बाजू मी कॅमेऱ्यासमोर धरली. ती कशी धरायची, हात न हलवता, जरा तिरपी, म्हणजे उजेडाची चमक येत नाही, हे मला इतक्या रविवारांनी पाठ झालं होतं.

तो वाचू लागला. थांबत थांबत मराठीत सांगू लागला. "पुसताना समोरचं बारीक बटण माझ्या हातून सरकलं. आक्काला सांग. तिनं सकाळपासून काही खाल्लं नाही, म्हणून चिडली आहे. आधी तिला जेवायला लाव."

मी पाटी दोन्ही हातांनी धरली. त्या रविवारी मी खरंच सकाळपासून उपाशी होते. मला स्वतःलाही ते आठवत नव्हतं.

"एवढंच?" मी विचारलं.

"या बाजूला एवढंच आहे." तो पडद्याजवळ सरकला. डोळे पुसले. त्याचा आवाज लहानपणी आजोळहून परत आला होता तेव्हासारखा झाला. "तिला मला काहीतरी सांगायचं होतं आक्का. फोनवर तिनं हो म्हणून वाजवलं होतं. दुसरी बाजू दाखव."

मी पाटी फिरवली. दुसऱ्या बाजूला माझ्या ठसठशीत अक्षरात लॅपटॉपचा मॉडेल नंबर होता.

तो बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिला. कानडी आकडे आहेत की काय, हे ताडून बघत असावा.

"हे काय आहे आक्का?"

"मी लिहिलंय ते," मी म्हटलं. "तुझ्यासाठी लिहिलेलं मी पुसलं."